खुंट्याची तोड

विनू सुरवशानं कंट्रोलर फेकला, तो नेमका माझ्या पायाच्या अंगठ्यावर येऊन पडला. मी कळवळलो, पण माझ्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती. खोलीतल्या पंचवीस-तीस जणांचे डोळे पडद्यावर होते. तिथं विनूचा पैलवान कठड्याशी आडवा झाला होता आणि लावण्याचा पैलवान त्याच्यासमोर उभा राहून हात झटकत होता.

“हा काय खेळ आहे का बे?” विनू उठून उभा राहिला. “उठायचं, लाथ खायची, पडायचं. परत उठायचं, परत लाथ. वीस सेकंद मी काय करूलालो, तर नुसता पडूलालो.”

“मग उठायचंच नाही,” मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

लावण्या हसली नाही. तिनं आपला कंट्रोलर टेबलावर नीट ठेवला, ओढणीला तळवे पुसले आणि माझ्याकडं बघितलं. ती खूश होती आणि ते मला दिसावं असं तिला वाटत होतं, एवढंच. मी अंगठा चोळायच्या निमित्तानं खाली वाकलो.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. सोलापुरात अंबादासमामांचं ‘अंबिका गेम सेंटर’ तेव्हा जोरात चालायचं. चादरींच्या दुकानावरची एक लांबट खोली, चार टीव्ही आणि गार वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त देणारा एक कूलर. ‘स्टील सर्कल’ नावाच्या मारामारीच्या खेळात आम्ही तिथं जवानी घालवत होतो. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, बी.कॉम. होऊन नोकरी शोधत असल्याचा आव आणणारा, आणि सेंटरचा मागच्या वर्षीचा चॅम्पियन. मल्लिनाथ बिराजदार हे नाव फक्त रेशनकार्डावर होतं. बाकी सगळ्यांना मी मल्लू.

ज्या डावावरून विनू पेटला होता त्याला आम्ही ‘खुंटा’ म्हणायचो. कठड्याशी पडलेला गडी उठतो, त्या उठण्याच्या नेमक्या क्षणाला खालून लाथ बसली की तो परत पडतो. परत उठताना परत लाथ. दाव्याला बांधलेल्या जनावरासारखा तो तिथल्या तिथं. मात्र क्षण जरासा हुकला की मारणाराच उघडा पडतो, म्हणून आमच्या सगळ्यांचा खुंटा तीन-चार लाथांत सुटायचा. हा डाव शोधला होता मी. त्याच्याच जोरावर मी चॅम्पियन झालो होतो आणि तेव्हा लोक ‘काय हात आहे’ म्हणत होते. लावण्यानं तो माझ्याकडूनच उचलला, आणि तिचा खुंटा सुटायचाच नाही.

लावण्या चिप्पा ही मामांची भाची, वीस वर्षांची. दुपारपर्यंत घरी आईबरोबर विड्या वळायची आणि मग सेंटरला यायची. मांडीवर सूप, तोंडानं अखंड गप्पा, आणि बोटं आपली पान वळतायत, दोरा बांधतायत. त्या बोटांना ठेका चुकणं माहीतच नव्हतं. “मी लाथा मोजत नाही रे मल्लूअण्णा,” ती मला सांगायची. “हात आपला दोरा बांधत असतो.” चार वर्षं मी तिला शिकवत होतो, निदान माझी तशी समजूत होती.

त्या रविवारी आमची निवड स्पर्धा होती. पुण्याच्या राज्यस्पर्धेला प्रत्येक शहरातून एकच नाव जाणार होतं. लावण्यासाठी हे नुसतं नाव नव्हतं. पुण्याचे तीन दिवस तिच्या वाटच्या विड्या वळायला तिची आई तयार झाली होती आणि ‘पुढच्या वर्षी लग्नाचं बघायचंय, एकदा जाऊन ये’ असंही म्हणाली होती. म्हणजे जायचं तर याच वर्षी. विनूला हरवून ती अंतिम फेरीत आली होती. दुसऱ्या बाजूनं मी आधीच येऊन बसलो होतो.

“समिती बसवा,” विनू म्हणाला. “आत्ताच्या आत्ता.”

समिती म्हणजे मामा, मी आणि विनू. तिघांतले दोघं स्पर्धेत खेळणारे. यात काही गैर आहे असं तोवर कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. आम्ही मागच्या गॅलरीत गेलो. एप्रिलचं ऊन होतं, कठड्याला हात लावला तर चटका बसत होता. मामा खुर्चीवर बसले, विनू दाराला टेकला. मला एका जागी उभं राहवेना. मी गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होतो.

“मल्लू, बस की. डोळे फिरायलेत माझे,” मामा म्हणाले.

मामांनी तरुणपणी तालमीत माती अंगाला लावली होती. पोट सुटलं, पण तालीम डोक्यातून गेली नव्हती. सेंटरच्या भिंतीवर त्यांनी लाल रंगात नियम लिहून घेतले होते. शिव्या नाहीत, तंबाखू नाही, आणि सगळ्यात खाली: ज्या डावाला तोड नाही, तो डाव नाही. त्यांचं म्हणणं असं, की कुस्तीतल्या प्रत्येक डावातून सुटायची युक्ती असते, तिला तोड म्हणतात. जिथं तोडच नाही तिथं कुस्ती नाही, नुसतं एकानं दुसऱ्याला दाबणं आहे.

विनूनं नेमकं तेच धरलं. “मामा, नियम तुमचा. तुम्हीच लिहिलाय. मला खुंट्याची तोड दाखवा, मी गप घरी जातो.”

“आणि अण्णा मारत होता तेव्हा?” लावण्या दारात येऊन उभी होती. “तेव्हा कुठं होता नियम?”

“अण्णाच्या हातून सुटायचा गं. तीन लाथा, चार लाथा. माणसाला दम घ्यायला फट मिळायची.”

“म्हणजे माझ्या हातून सुटत नाही, हा माझा गुन्हा.”

“गुन्हा कोण म्हणालंय? पण मजा जायली ना सगळी. मागच्या महिन्यात किती जणांनी यायचं सोडलं, मामांना विचार. तू बसलीस की समोर कुणी बसायला तयार नाही.”

हे खरं होतं. मामांनी मान डोलावली आणि लगेच भाचीकडं बघून ती डोलवायची थांबवली. त्यांची फार ओढाताण होत होती. भाचीच्या बाजूनं निकाल दिला तर लोक म्हणणार, घरचं माणूस. विरुद्ध दिला तर बहिणीला तोंड कसं दाखवायचं?

“तोड नाही म्हणजे अजून कुणाला सापडली नाही,” लावण्या म्हणाली. “असेल. शोधा की. मी कुठं नको म्हणतेय?”

 मामांनी एकेकाला विचारायला घेतलं. “विनू, सापडलीय तुला तोड?”

“सापडली असती तर हितं उभा राहिलो असतो का?”

“लावण्या?”

“मला कशी सापडेल मामा? माझ्यावर नीट खुंटा मारणारंच कुणी नाही.”

“मल्लू? डाव तू काढलायस. तुला?”

मला तोड माहीत होती.

मंगळवारी भरदुपारी मामा जेवायला गेले असताना मी एकटाच सेंटरमध्ये होतो. खेळात सरावाची सोय होती. मशीनला एक डाव लावून दिला की ते तोच डाव मारत राहायचं. मी मशीनला खुंटा लावला आणि स्वतः मार खात बसलो. वर्षभर आम्ही सगळे तिथून सुटायला मागचं बटण दाबत आलो होतो. मारणाऱ्यापासून लांब पळावं, ही माणसाची साधी बुद्धी. त्या दिवशी वैतागून मी उलटं केलं. उठायच्या क्षणाला बचाव धरला आणि पुढं दाबलं, सरळ लाथेच्या अंगावर. माझा गडी लाथेखालून निसटला आणि मारणाऱ्याच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला. मी ते पन्नास वेळा करून बघितलं आणि मामा यायच्या आत मशीन बंद केलं.

कुणाला सांगितलं नाही. यात तोपर्यंत काही वावगं नव्हतं; हातातला डाव कुणी सामन्याआधी वाटत फिरत नाही. अंतिम फेरीत लावण्याच समोर येणार हे मला दिसत होतं, आणि तिच्यापुढं हरायची मला मनापासून धास्ती होती. शिकवलेल्या पोरीकडून सगळ्यांसमोर पडून राहायचं, या विचारानंच पाच दिवस मला झोप धड लागली नव्हती की जेवण गोड लागलं नव्हतं. पण आता मामा मला नाव घेऊन विचारत होते. ‘हो’ म्हटलं असतं तर खुंटा नियमात बसला असता, लावण्याचा विजय टिकला असता आणि आमची अंतिम लढत झाली असती. तोड मात्र खेळायच्या आधीच उघडी पडली असती.

“शोधतोय मामा,” मी म्हणालो.

‘नाही’ म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. मी खोटं बोललो नाही, अशी स्वतःची समजूत घालायला मला हा एक शब्द अनेक वर्षं पुरला.

मामांनी सुस्कारा टाकला. “मग नियमानं खुंटा बंद. आजपासून.”

“आणि आत्ताची मॅच?” विनूनं विचारलं.

 लावण्यानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मला ते बघवेना. खरं सांगायचं तर मला तिची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःबद्दल बरंही वाटलं. त्या भरात मी तोंड उघडलं.

“मला एक सुचतंय,” मी म्हणालो. “लावण्याला फायनल खेळू द्या. खुंट्यासकट. कशाला बिचारीचा हिरमोड? फक्त तिला कच्चं लिंबू धरू. निकाल लावायचा नाही.”

गल्लीत लहान भावंडाला खेळायला घेतात तसं. पळू द्यायचं, शिवू द्यायचं, पण त्याच्यावर राज्य येणार नाही आणि त्यानं कुणाला आउट केलं तरी ते धरायचं नाही. कुणी रडू नये म्हणून काढलेली सोय. मला वाटलं, मी फार शहाणपणाचं बोललो.

“म्हणजे पुण्याला नाव तुझं,” विनू म्हणाला.

“मग तू खेळतोस का माझ्याशी?”

विनूनं विचार केला. तो माझ्याकडून सात वेळा हरला होता. “मला पुण्याचं काय नाही. मी हरलो असं तेवढं लिहू नका, बास.”

मामांना तर सुटल्यासारखंच झालं. “बघ लावण्या, चांगलं सांगतोय मल्लू. सगळ्यांचा मान राहतो.”

“मी जिंकले तर?” तिनं मला विचारलं.

“तर टाळ्या वाजवू की सगळे.”

“कच्चं लिंबू,” ती सावकाश म्हणाली. “पाच वर्षांची असताना करायचे मला.” मग तिनं ओढणी सोडली. “चल. खेळू.”

आम्ही आत आलो. मामांनी सगळ्यांना निकाल सांगितला. थोडी कुजबुज झाली, मग लोक सरकून बसले. तीन फेऱ्या होत्या. दोन जिंकेल त्याचा सामना. माझ्या हातांना घाम आला होता. निकाल धरायचा नसलेल्या सामन्याला घाम कसला येतो? मी दोनदा उठून कूलरसमोर हात धरून आलो.

मी मनाशी ठरवलं होतं, हरायचं. पुण्याचं नाव माझंच होतं, मग तिच्या पदरात निदान टाळ्या तरी पडू द्याव्यात.

पहिली फेरी मी जिंकलो. तिनं खुंटा मारलाच नाही. मध्येच मी हळू आवाजात म्हणालो, “मार की खुंटा.”

“मारते. तुला काय घाई?”

दुसऱ्या फेरीत तिनं मारला. माझा गडी कठड्याशी पडला आणि लोक मोठ्यानं मोजू लागले. एक, दोन, तीन. बाजूला तिची बोटं मला दिसत होती. जोर नाही, घाई नाही. अकराव्या लाथेला फेरी संपली. मामांनी सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली.

तिसऱ्या फेरीत मी पुन्हा कठड्याशी पडलो. परत मोजणी सुरू झाली. चार. पाच. आता शेवट करून टाकू, असं मी मनाशी म्हणत होतो. मागचं बटण दाबत होतो आणि पडत होतो.

“आपला चॅम्पियन पण नुसता पडूलालाय,” विनू म्हणाला आणि खोली हसली. सहा. सात. मोजणाऱ्यांत मामांचाही आवाज होता.

अंगठा आपोआप गेला, असं मी पुढं बरीच वर्षं सांगत आलो. पन्नास वेळा केलेलं हाताला आठवतंच, त्याला मी काय करणार! ते खोटं आहे. मला ते हसणं सहन झालं नाही. मी बचाव धरला आणि पुढं दाबलं.

माझा गडी लाथेखालून निसटला आणि तिच्या पाठीशी उभा राहिला. आठचा आकडा लोकांच्या तोंडातच राहिला. मी दोन ठोसे मारले. तिच्या गड्यानं उलटून बघितलंसुद्धा नाही, कारण लावण्यानं कंट्रोलर खाली ठेवला होता. पडद्यावरचं घड्याळ संपेपर्यंत तिचा गडी तसाच उभा राहिला आणि मग माझ्या नावापुढं ‘विजयी’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं नाचू लागली.

“तोड आहे की बे,” विनू हळूच म्हणाला.

मामा माझ्याकडं बघत होते. “मल्लू,” त्यांनी विचारलं, “आत्ता सापडली का रे?”

त्यांनी माझ्यासाठी वाट करून दिली होती. नुसती मान हलवायची होती. त्यांनाही तेच हवं होतं, असं मला आजही वाटतं.

“कधी सापडली तुम्हाला?” लावण्यानं विचारलं.

चार वर्षांत पहिल्यांदा तिनं मला ‘तुम्ही’ म्हटलं. तिनं शिवी दिली असती तर मी काहीतरी उलट बोललो असतो. 

“मंगळवारी,” मी म्हणालो.

 मामा उठले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज तालमीतला निघाला. “तोड आहे, म्हणजे डाव चालू. नियम तो नियम. कच्चं लिंबू वगैरे काही नाही. फायनल पहिल्यापासून होईल आणि धरली जाईल. बस लावण्या.”

लावण्या बसली नाही. तिनं दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या.

“नको मामा. आत्ता मी रागानं खेळेन. रागात ठेका राहत नाही.”

“मग उद्या खेळ. परवा खेळ. पोरी, पुण्याचं नाव आहे.”

“मंगळवारी सांगितलं असतं यांनी,” ती मामांना म्हणाली, माझ्याकडं न बघता, “तर आजपर्यंत मी या तोडीवर तोड काढली असती. मग यांनी त्याच्यावर काढली असती. पाच दिवस होते आमच्याकडं.”

ती जिना उतरून गेली. मामांनी बुधवारपर्यंत वाट बघितली. दोनदा बोलावणं धाडलं, एकदा स्वतः जाऊन आले. मीही गेलो होतो. तिच्या आईनं मला चहा दिला, आणि लावण्या सूप मांडीवर घेऊन विड्या वळत राहिली. काय म्हणायला आलो होतो तेच मला नीट ठाऊक नव्हतं, त्यामुळं चहा पिऊन मी परत आलो. गुरुवारी नाव पाठवायचा शेवटचा दिवस होता. मामांनी माझं नाव लिहिलं आणि कागद माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला.

पुण्याला मोठा हॉल होता, स्टेज होतं. खुंट्यावर तिथं कसलीही बंदी नव्हती. तिथं त्याला निराळंच काहीतरी नाव होतं. पहिल्याच सामन्यात मला नागपूरचा बोरकुटे नावाचा चष्मेवाला पोरगा आला. अर्ध्या मिनिटात त्यानं मला कठड्याला लावलं. मी एक लाथ खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि तिसरीला बचाव धरून पुढं दाबलं. त्यानं तिसरी लाथ मारलीच नाही. मी निसटून जिथं उभा राहणार होतो तिथं तो आधीच वळून उभा होता. त्यानं मला कमरेत धरलं आणि उचलून परत त्याच कठड्याशी टाकलं. दुसऱ्या फेरीतही तेच. तिकडं माझं नाव नीट वाचलं जायच्या आतच मी स्पर्धेतून बाहेर पडलो.

पोरगा सज्जन होता. हात मिळवून झाल्यावर तो माझ्याबरोबर खुर्च्यांपर्यंत आला.

“तुम्ही पुढं दाबून उठले ना, तेव्हा पकड लागते,” त्यानं समजावून सांगितलं. “आमच्याकडं ते सगळ्यांनाच माहीत आहे. त्याच्यातून निघायचंही एक आहे, दाखवू का तुम्हाला?”

मी नको म्हणालो. त्याला नवल वाटलेलं दिसलं. त्यानं चष्मा काढून पुसला. मला डिवचायचं त्याच्या मनात नव्हतं, त्याला खरंच कळत नव्हतं.

“तुमच्या सोलापुरात,” त्यानं विचारलं, “तुमच्यासोबत खेळायला कोणी नाही का?”

“होती,” मी म्हणालो.